चेहऱ्यामागे नको, मालामागे जा

(युवक-युवतींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पोलीस आणि तंत्रज्ञान यावर बोला, असं मला सांगितलं होतं. विषय फार मोठा आहे. मी त्यातला एक लहान तुकडा घेतो. दुकानांमध्ये टोळी करून होणाऱ्या चोऱ्यांचा तपास कसा करायचा, हे पोलिसांना शिकवताना काय शिकवावं? तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? आपल्यातले कितीतरी जण दुकान चालवतात, मॉलमध्ये काम करतात, जुने मोबाइल घेतात-विकतात. म्हणजे चोरी झाली की नुकसान आपलं. आणि संशय घ्यायची वेळ आली की तोही पुष्कळदा आपल्याच वस्तीकडे वळतो. दोन्ही बाजूंनी आपण यात आहोत.

सुरुवात आमच्या घरापासून करतो. तालुक्याच्या गावी अब्बांचं स्टेशनरी-कटलरीचं दुकान होतं. मी अकरावीत असतानाची गोष्ट. दुकानातला माल कमी भरायला लागला. पेनं, टॉर्च, कंपासपेट्या. त्या वेळी दुकानात हाताखाली एक पोरगा होता, माझ्याच वयाचा. गावाबाहेरच्या पारधी वस्तीतून यायचा. अब्बांनी त्याला कधी चोर म्हटलं नाही. फक्त संध्याकाळी तो निघाला की त्याची पिशवी बघायला लागले. पिशवीत कधी काही सापडलं नाही. आठ-दहा दिवसांनी तो यायचाच बंद झाला. आम्ही म्हणालो, बघा, पकडला जाईल म्हणून पळाला.

सुट्टीत मी बिलं आणि खोकी समोरासमोर ठेवून मोजायला बसलो. घाऊक व्यापाऱ्याकडून येणाऱ्या डझनाच्या पाकिटांमध्ये दहाच नग निघत होते. बिल बाराचं. महिनोन्महिने कुणी पाकीट फोडून मोजलं नव्हतं. अब्बा दुसऱ्या दिवशी वस्तीवर गेले. ते कुटुंब कामासाठी परगावी निघून गेलं होतं. तो पोरगा आम्हाला पुन्हा भेटला नाही.

मुसलमान म्हणून आपल्यावर संशय घेतला जातो, अशी तक्रार आपण करतो आणि ती पुष्कळदा खरी असते. पण आमच्या दुकानात आम्हीही तेच केलं होतं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि माणसांच्या आख्ख्या जमाती जन्मापासून चोर ठरवल्या. आपल्या सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातली वसाहत होती. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. अब्बांच्या डोक्यातून, आणि माझ्याही, तो गेलेला नव्हता.

आता मी ज्या कंपनीत काम करतो, तिथे दुकानांच्या साठ्याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर बनतं. त्यात एक आकडा असतो, साठ्यातली घट. पुस्तकात शंभर नग, फळीवर पंच्याण्णव, म्हणजे घट पाच. सॉफ्टवेअर एवढंच सांगतं. ते पाच नग कुठे गेले, हे त्याला माहीत नसतं. गिऱ्हाइकाने उचलले असतील, नोकराने नेले असतील, व्यापाऱ्याने कमी पाठवले असतील, बारकोड चुकीचा मारला असेल. आकडा खरा असतो, त्यामागची गोष्ट माणसं रचतात.

ही गोष्ट किती मोठ्या प्रमाणावर रचली जाऊ शकते, हे अमेरिकेत दिसलं. तिथे गेल्या काही वर्षांत दुकानांतल्या संघटित चोऱ्या हा राजकारणाचा मोठा विषय झाला. त्यासाठी कायदे झाले, खास पथकं झाली, पैसा आला. एकट्या कॅलिफोर्नियाने २०२३ साली ५५ ठिकाणच्या पोलीस आणि सरकारी वकिलांच्या कार्यालयांना २६ कोटी ७० लाख डॉलर दिले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे नॅशनल रिटेल फेडरेशनने, एक अहवाल काढला. २०२१ साली दुकानांची जी ९४.५ अब्ज डॉलरची घट झाली, तिच्यातली जवळपास निम्मी संघटित चोरांमुळे झाली, असं त्यात म्हटलं होतं. पत्रकारांनी हिशेब तपासला. डिसेंबरमध्ये संघटनेला तो दावा मागे घ्यावा लागला. काही वर्षांपूर्वीचा एकूण घटीचा आकडा कुणीतरी संघटित चोरीचा म्हणून सांगितला होता आणि तोच पुढे फिरत राहिला. याच संघटनेच्या पाहणीत घटीची विभागणी आहे: बाहेरच्यांनी केलेली चोरी सुमारे ३६ टक्के, नोकरांची चोरी २९ टक्के, हिशेबातल्या आणि कामातल्या चुका २७ टक्के. बाहेरच्यांच्या त्या ३६ टक्क्यांत एकट्यादुकट्या चोरांचाही वाटा आहे.

याचा अर्थ टोळ्या नसतात असा घेऊ नका. टोळ्या असतात आणि त्यांचं नुकसान खरं असतं. दुकानात उभी असलेली पगारी मुलगी घाबरते, लहान दुकानदार कर्जात जातो. म्हणून तर तपास नीट व्हायला हवा. अमेरिकेतली दोन प्रकरणं शेजारी ठेवून बघू.

पहिलं कॅलिफोर्नियातलं. सौंदर्यप्रसाधनांच्या मोठ्या साखळी दुकानांतून सारख्या चोऱ्या होत होत्या. बायका दोघी-तिघी मिळून यायच्या, पिशव्या भरायच्या आणि निघून जायच्या. अशा चोरणाऱ्या बाईला पकडलं, तिच्यावर गुन्हा लावला, तर काम संपलं असं वाटू शकतं. पण तिथल्या हायवे पोलिसांच्या संघटित चोरीविरोधी पथकाने आणि केंद्रीय तपास यंत्रणेने वेगळा प्रश्न विचारला. एकाच प्रकारची एवढी क्रीम, एवढी लिपस्टिक घेऊन या बायका करतात काय? वापरत तर नाहीत. मग माल जातो कुठे? त्या प्रश्नाचा माग काढत ते सॅन डिएगो परगण्यातल्या एका आलिशान बंगल्यापर्यंत पोहोचले. बंगल्याची मालकीण या बायकांचा प्रवासखर्च करायची, काय उचलायचं ते सांगायची आणि तो माल अ‍ॅमेझॉनवरच्या आपल्या दुकानातून कमी भावात विकायची. सरकारी वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे २०१२ पासून तिने त्या दुकानातून सुमारे ८० लाख डॉलरची विक्री केली होती. डिसेंबर २०२३ मध्ये तिला अटक झाली, पुढे पाच वर्षांहून अधिक शिक्षा झाली. तिच्याकडे बघून कुणाला चोराचा संशय आला नसता. पथक मालाच्या मागे गेलं म्हणून तिच्यापर्यंत पोहोचलं.

दुसरं प्रकरण डेट्रॉइटचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये शिनोला नावाच्या दुकानातून एका माणसाने पाच घड्याळं उचलली. किंमत सुमारे ३,८०० डॉलर. कॅमेऱ्यात त्याचं अंधुक चित्र आलं. ते चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. त्याने दिलेल्या यादीत रॉबर्ट विल्यम्स नावाच्या एका कृष्णवर्णीय गृहस्थांचा वाहन परवान्यावरचा जुना फोटो होता. मग पोलिसांनी सहा फोटो मांडले आणि ओळख पटवायला कुणाला बोलावलं? दुकानाच्या सुरक्षेचं काम करणाऱ्या एका बाईंना. त्या चोरीच्या वेळी दुकानात नव्हत्या. त्यांनीही फक्त तोच व्हिडिओ पाहिला होता. त्यांनी विल्यम्स यांच्या फोटोवर बोट ठेवलं. जानेवारी २०२० मध्ये विल्यम्स यांना घरासमोर, बायको आणि दोन लहान मुलींच्या देखत बेड्या घातल्या. सुमारे तीस तास कोठडीत ठेवलं. चौकशीत त्यांनी कॅमेऱ्यातलं चित्र आपल्या चेहऱ्याशेजारी धरून दाखवलं, तेव्हा हा तो माणूस नाही हे उघड झालं. चोरीच्या दिवशी ते कुठे होते, हे अटकेआधी कुणी तपासलं नव्हतं. आणि घड्याळं कुठे गेली? 

सॉफ्टवेअर बनवणारा म्हणून इथे थोडं थांबतो, कारण यंत्र खोटं बोलत नाही असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं. हे सॉफ्टवेअर चेहऱ्याचे आकडे करतं आणि साठ्यातल्या प्रत्येक फोटोच्या आकड्यांशी ताडून बघतं. मग सगळ्यात जवळचे फोटो क्रमाने मांडतं. दहा मागितले तर ते दहा देणार, खरा चोर त्या साठ्यात नसला तरीही. समजा ते हजारात एकदाच चुकतं. ऐकायला छान वाटतं. पण साठ्यात दहा लाख फोटो असतील, तर हजार निरपराध माणसं जुळणारी म्हणून पुढे येतील. शिवाय ही चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने, एनआयएसटीने, २०१९ साली अशी अनेक सॉफ्टवेअर तपासली. आशियाई आणि कृष्णवर्णीय चेहऱ्यांची चुकीची जुळणी काहींमध्ये गोऱ्या चेहऱ्यांपेक्षा १० ते १०० पट जास्त होती.

आणखी एक गोची बघा. सॉफ्टवेअरने आधीच चोरासारखा दिसणारा माणूस शोधून दिलाय. मग त्याचाच फोटो सहा जणांत ठेवून साक्षीदाराला विचारलं, की यातला कोण? तो सगळ्यात मिळताजुळता चेहराच निवडणार. यात दुसरा पुरावा तयार होत नाही. पहिलाच पुरावा दुसऱ्यांदा मोजला जातो.

दुकानदारांनाही हा धडा मिळाला. राइट एड या औषध दुकानांच्या साखळीने अनेक वर्षं असं सॉफ्टवेअर वापरलं. इशारा आला की नोकर गिऱ्हाइकाच्या मागे लागायचे, झडती घ्यायचे, बाहेर काढायचे. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने त्यांना पाच वर्षांसाठी हे सॉफ्टवेअर वापरायला बंदी घातली. आयोगाच्या आरोपांमध्ये एक मुद्दा प्रशिक्षणाचा होता: यंत्र चुकू शकतं, हे नोकरांना नीट शिकवलंच नव्हतं.

विल्यम्स गप्प बसले नाहीत. ते न्यायालयात गेले. जून २०२४ मध्ये तडजोड झाली. तीन लाख डॉलरची भरपाई मिळाली, पण मला त्या तडजोडीच्या अटी जास्त महत्त्वाच्या वाटतात. नुसत्या चेहराजुळणीवर अटक करायची नाही. जुळणीनंतर लगेच फोटो मांडून घेतलेल्या ओळखीवरही अटक करायची नाही, आधी स्वतंत्र पुरावा हवा. २०१७ पासूनची अशी प्रकरणं पुन्हा तपासायची. आणि पोलिसांना प्रशिक्षण द्यायचं, त्यात या तंत्राचे धोके आणि ते कृष्णवर्णीयांबाबत जास्त चुकतं, हेही शिकवायचं. अन्याय झालेल्या एका माणसामुळे आख्ख्या शहराच्या पोलिसांचा अभ्यासक्रम बदलला.

आता आपल्याकडे येऊ. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात कलम ११२ नवीन आहे, किरकोळ संघटित गुन्हा. टोळीच्या किंवा गटाच्या सदस्याने एकट्याने वा मिळून केलेली चोरी, हिसकावणी, फसवणूक त्यात येते. स्पष्टीकरणात खिसेकापू, मालवाहतुकीतली चोरी यांच्याबरोबर शॉपलिफ्टिंग हा शब्दच घातला आहे. शिक्षा कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त सात वर्षं, वर दंड.

आता कलम ३०३ बघा, साध्या चोरीचं. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी, पहिलाच गुन्हा आणि माल किंवा पैसे परत केले, तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे एखाद्या पोराने मॉलमधून आठशे रुपयांची वस्तू उचलली. तो एकटा ठरला तर समाजसेवा. गटाचा सदस्य ठरला तर किमान एक वर्ष तुरुंग. मधे फक्त एक शब्द आहे, टोळी. आणि टोळी म्हणजे काय, याची व्याख्या या कलमात नाही.

कॅलिफोर्नियाच्या कायद्याशी तुलना करून बघा. तिथे संघटित चोरी म्हणायला माल विकण्याचा, बदलण्याचा किंवा परत करून पैसे घेण्याचा इरादा दाखवावा लागतो. न्यायालयाने काय बघावं, तेही कलमात दिलं आहे. याआधी इतरांशी मिळून अशाच चोऱ्या केल्या होत्या का? अलार्म चुकवणारी पिशवी, टॅग काढायचं साधन जवळ होतं का? माल घरी वापरायच्या मानाने फारच जास्त होता का? आपल्या मोक्का कायद्यातसुद्धा आधीच्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं असावी लागतात. कलम ११२ मध्ये असं काहीच लिहिलेलं नाही. म्हणून हे कलम लावणाऱ्या फौजदाराला काय शिकवलं आहे, यावर सगळं ठरणार. त्याला शिकवलं नसेल तर तो काय करणार? एका वस्तीतली, एका आडनावाची तीन पोरं दिसली की गट म्हणणार. ठाण्यातल्या जुन्या रजिस्टरमध्ये कुणाची नावं जास्त आहेत, हे आपल्याला माहीत आहे.

ही नुसती भीती नाही. जानेवारी २०२३ मध्ये तेलंगणातल्या मेदकमध्ये सोनसाखळी चोरीला गेली. सीसीटीव्हीतल्या माणसासारखा दिसतो म्हणून पोलिसांनी एका मुस्लिम मजुराला उचललं. कोठडीत आपल्याला मारहाण झाली, असं त्याने मरण्यापूर्वी सांगितलं. फेब्रुवारीत तो हैदराबादच्या रुग्णालयात वारला आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली. दिल्ली पोलिसांनी २०२२ साली माहिती अधिकारात सांगितलं, की ८० टक्क्यांच्या वर साम्य दाखवणारी चेहराजुळणी ते सकारात्मक धरतात. ऐंशीच का, सत्तर किंवा नव्व्याण्णव का नाही? अभियंता म्हणून मी माझ्या कंपनीत असा आकडा ठरवला तर मला त्याची चाचणी दाखवावी लागते. आणि आपल्या महाराष्ट्रात २०२४ साली पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी शासनाने ‘मार्व्हल’ ही कंपनी स्थापन केली आहे. म्हणजे हा प्रश्न आपल्या दारात आलेला आहे.

आपल्याकडे पोलिसांना शिकवायची जागा नाही असंही नाही. नाशिकला महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे, तिथे फौजदार घडतात. सांगली जिल्ह्यात तुरचीला, दौंडजवळ नानवीजला शिपायांची प्रशिक्षण केंद्रं आहेत. मला तिथे तासभर बोलू दिलं, तर दुकानातल्या चोरीच्या तपासाबद्दल मी पाच गोष्टी सांगेन.

पहिली: चोरी झाली आहे हे आधी ठरवा. बिलं, आवक, शिल्लक मोजा. घट म्हणजे चोरी नव्हे. अब्बांच्या दुकानात हे कुणी केलं असतं तर त्या पोराची रोजी गेली नसती.

दुसरी: फुटेज लगेच ताब्यात घ्या. दुकानातला डीव्हीआर भरला की जुन्यावर नवीन लिहितो, काही दिवसांत पुरावा पुसला जातो. डीव्हीआरचं घड्याळ पुष्कळदा चुकीचं असतं. खरी वेळ आणि डीव्हीआरची वेळ यांतला फरक पंचनाम्यात लिहा. नाहीतर चोरीच्या वेळी दुसरीकडे असलेला माणूस अडकतो, आणि खरा चोर न्यायालयात सुटतो. फुटेज काढताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र घ्या. त्यात फाइलची हॅश लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. फाइलमध्ये एक टिंब जरी बदललं तरी ठसा बदलतो.

तिसरी: टोळी म्हणायचं असेल तर टोळीचा पुरावा आणा. कुणी कुणाला फोन केला, पैसे कुणाच्या खात्यात गेले, गाडी कुणाची, एकाच पद्धतीने किती दुकानं फुटली. एकाच मोहल्ल्यात राहणं, चुलतभाऊ असणं, एका मशिदीत किंवा एका मंदिरात जाणं हा टोळीचा पुरावा नाही.

चौथी: माल विकत घेणाऱ्यापर्यंत जा. चोरीचा माल घेणाऱ्यासाठी कलम ३१७ आहे. उचलणारी पोरं बदलतात, घेणारा तोच राहतो. त्याला हात लावला नाही तर महिन्याभरात दुसरी पोरं त्याच्यासाठी उचलायला लागतात. अमेरिकेत तर २०२३ पासून ऑनलाइन बाजारांनाच मोठ्या विक्रेत्यांची ओळख आणि बँक खातं तपासायचं बंधन घातलं आहे, ते याचसाठी.

पाचवी: यंत्राने दिलेलं नाव हा खबऱ्याने दिलेल्या नावासारखा इशारा आहे. त्यावरून चौकशी सुरू करा, अटक करू नका. साक्षीदार म्हणून प्रत्यक्ष पाहिलेला माणूसच बोलवा. आणि सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार खटल्यात २०१४ सालीच सांगितलं आहे. कलम ११२ त्यातच बसतं. अटक का करायची, याची कारणं लिहावी लागतात. नाहीतर आधी नोटीस.

यातली एकही गोष्ट पोलिसांच्या विरोधात नाही. मी ठाण्यात बसलेले फौजदार पाहिले आहेत. एका टेबलावर खून, अपघात, घरगुती भांडण आणि मोबाइल चोरी, सगळं असतं. वरून विचारणा असते, डिटेक्शन किती? अशा वेळी रेकॉर्डवरचा माणूस उचलणं सोपं पडतं. मालाचा माग काढायला वेळ लागतो, बँकेला पत्र लिहावं लागतं, दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागतं. ते शिकवावं लागतं आणि त्यासाठी वेळही द्यावा लागतो. आपण नागरिक म्हणून तो वेळ आणि ते शिक्षण मागितलं पाहिजे.

आणि आपण स्वतः काय करायचं?

जे जुने मोबाइल घेतात-विकतात, त्यांनी प्रत्येक फोनचं बिल किंवा विकणाऱ्याची लेखी नोंद ठेवावी. फोन घेण्यापूर्वी केवायएम, मग एक जागा सोडून आयएमईआय क्रमांक, असा मेसेज १४४२२ वर पाठवावा. फोनची स्थिती कळते. स्वस्तात मिळतो म्हणून डोळे मिटून घेतला, तर उद्या मला माहीत नव्हतं म्हणून सुटका होत नाही. चोरीचा आहे असं वाटायला कारण होतं, एवढंही कायद्याला पुरतं. आपल्या ओळखीचा कुणी खरंच चोरीचा माल फिरवत असेल तर त्याला आपला म्हणून झाकायचं नाही. झाकलं की उद्या आख्ख्या गल्लीवर संशय येतो, आणि तेव्हा आपल्याला तक्रारीचं तोंड राहत नाही.

जे दुकानदार आहेत, त्यांनी फिर्याद देताना जे पाहिलं तेवढंच सांगावं. संशय कुणावर, असं विचारलं की आपल्या तोंडून पटकन वस्तीचं नाव येतं. ते गिळायला शिका.

पोलीस घरी आले तर शांतपणे विचारा: नोटीस आहे का, कलम कोणतं, अटकेचं कारण काय. घरच्यांना कळवणं, वकिलाला भेटणं, चोवीस तासांत न्यायाधीशांपुढे उभं करणं, हे आपल्या संविधानाने आणि कायद्याने दिलेले हक्क आहेत. चोरालाही ते आहेत. म्हणून तर ते आपल्याला आहेत.

शेवटी एक काम देतो. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, ऑनलाइनही करता येतो. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रत्येकाने आपल्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना चार प्रश्न विचारायचे. कलम ११२ खाली आतापर्यंत किती गुन्हे नोंदवले? या कलमाबद्दल किती अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, आणि त्याचा अभ्यासक्रम काय? चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर वापरता का, आणि वापरत असाल तर किती टक्के साम्याला जुळणी धरता? त्यावरून अटक करण्याबद्दल लेखी सूचना आहेत का? चार प्रश्न, एक पान. कुणावर आरोप नाही, भाषा सभ्य. पुढच्या बैठकीला आपण आलेली उत्तरं एकत्र वाचू. ज्या जिल्ह्यातून उत्तर येणार नाही, तिथे अपील करू.

अब्बा आता थकलेत. दुकान धाकटा भाऊ बघतो. परवा त्याचा फोन आला, माल कमी भरतोय म्हणाला. मी काही बोलायच्या आत मागून अब्बांचा आवाज आला, “आधी पाकिटं फोडून मोज म्हणावं.”

एवढंच सांगायचं होतं.